गळ्याखाली पाणी उतरलंय, काळे केस तांबडे पडलेत, जंताचं औषध पाजूनही उतार नाही – मदत करा

रानजाई | १९ सप्टेंबर, रात्री १०:१२

नमस्कार सगळ्यांना. मी भूम तालुक्यातली, धाराशिव जिल्हा. आमच्याकडे १४ उस्मानाबादी शेळ्या होत्या, परवा एक गेली, आता १३ आहेत. सासूबाईंनी दोन पाटींपासून (पाट म्हणजे शेळीचं मादी पिल्लू) वाढवलेला कळप आहे त्यामुळे घरात कुणाला जेवण गोड लागत नाहीये.

झालं असं की पोळ्याच्या आसपास चार शेळ्या वाळायला लागल्या, खातात पण अंगाला लागत नाही, पाठीचं हाड हाताला लागतं. केस आधी काळेभोर चमकदार होते ते आता तांबूस आणि राठ, डोळ्याभोवती तर चष्मा घातल्यासारखं तांबडं कडं आलंय. भिंतीचं प्लास्टर चाटतात, माती खातात, परवा एकीने वाळत घातलेल्या साडीचा पदर चघळून टाकला. आणि सगळ्यात जास्त घाबरले ते जबड्याखाली आलेल्या पिशवीला, हाताला पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी लागते, सकाळी कमी असते, संध्याकाळी चरून आल्या की मोठी दिसते. शेजारचे काका म्हणाले घटसर्प आहे.

दुकानातून जंताची बाटली आणून ५ तारखेला सगळ्यांना पाजली, दुकानदाराने सांगितलं तेवढी. फरक काहीच नाही. मोरी परवा रानातून येताना बसली ती उठलीच नाही. आता चांदी (हिच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे आणि ही साधारण अडीच महिन्यांची गाभण आहे) आज दुपारपासून बसूनच आहे. जुलाब नाहीत, लेंड्या ठीक टाकते. काय करू ते सांगा, उद्या सकाळची वाट बघवत नाहीये.

पशुवैद्य_निवृत्त | १९ सप्टेंबर, रात्री १०:५०

ताई, आत्ता मोबाईलची बॅटरी लावा आणि चांदीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने हलकेच खाली ओढून आतला रंग बघा. लाल आहे, गुलाबी आहे की पांढरा? दुसरं, थर्मामीटर असेल तर गुदद्वारातून ताप बघा. शेळीचं नॉर्मल १०१.५ ते १०३.५ फॅरनहाइट असतं. घटसर्पात सडकून ताप असतो, श्वासाला त्रास असतो, जनावर एकदोन दिवसात जातं. तुम्ही सांगताय ते तीन आठवडे चाललंय.

तिला हाकू नका, उठवायला ओढू नका. रक्त कमी झालेली शेळी पळवली की हृदयावर ताण येऊन जागेवर जाते, तुमची मोरी रानातून चालत येताना गेली ती बहुतेक अशीच.

रानजाई | १९ सप्टेंबर, रात्री ११:१५

डॉक्टर, पापणी पांढरी आहे. अगदी कागदासारखी. बाकीच्या तिघींची पण बघितली, दोघींची फिकट आणि एकीची गुलाबी. ताप १०१.८. हे आधी कुणीच कसं सांगितलं नाही.

पशुवैद्य_निवृत्त | १९ सप्टेंबर, रात्री ११:४०

मग बहुतेक हे चौथ्या पोटातले रक्त पिणारे गोलकृमी आहेत, हिमोंकस म्हणतात. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त पितो, ऐकायला काहीच नाही, पण १००० जंत म्हणजे रोज ५० मिली, एका कटिंग चहाएवढं. तीस किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून दोन लिटरच्या आसपास रक्त असतं, आता तुम्हीच हिशोब करा. रक्तातलं प्रथिन कमी झालं की पाणी अंगात झिरपतं आणि चरताना डोकं खाली असल्यामुळे ते जबड्याखाली उतरतं, म्हणून संध्याकाळी पिशवी मोठी. या जंताने जुलाब होतीलच असं नाही, म्हणूनच लोक फसतात, लेंडी बरी दिसतेय तर जंत नसणार असं धरून चालतात.

आज रात्रीपुरतं एवढं करा. गवताने भरलेली पोती दोन्ही बाजूंना लावून तिला छातीवर बसती ठेवा, आडवी पडू देऊ नका, आडवी पडली की पोट फुगतं. दर दोन-तीन तासांनी कूस बदला. अंगावर पोतं टाका. स्वतः तोंड घालून पीत असेल तरच पाणी ठेवा, कोमट, चिमूटभर मीठ आणि थोडा गूळ घालून. गिळता येत नसताना बाटलीने ओतू नका. भाकरी, धान्य, भरडा काहीही लाड म्हणून देऊ नका, उपाशी पोटावर धान्य पडलं की पोटात आंबतं. शेवरी, बोर, बाभळीचा पाला तोंडाशी धरा. सकाळी १९६२ ला फोन करा, फिरतं पथक येतं, नाहीतर तालुक्याच्या दवाखान्यातून डॉक्टरांना बोलवा, तिला गाडीत घालून हलवू नका.

मेंढक्या | २० सप्टेंबर, पहाटे ५:२०

ताई चांदी हाय का अजून?

आमी माण तालुक्यातलं, मेंढरं हायती. डॉक्टर साहेबांनी सांगितलं ते खरं हाय, आमचा आजा तर मेंढरू इकत घेताना आधी डोळा उलटून बघायचा मग दात. आन एक, पावसाळ्यात दव उडाल्याबिगर आमी मेंढरं सोडत न्हाय. म्हातारी माणसं म्हनायची दवाचं गवत बाधतं. का बाधतं ते ठावं न्हवतं.

रानजाई | २० सप्टेंबर, सकाळी ७:०५

आहे दादा. रात्रभर सासूबाई आणि मी आळीपाळीने बसलो. पहाटे चार वाजता शेवरीची चार पानं खाल्ली आणि थोडा रवंथ केला, सासूबाई रडल्याच. फोन लावलाय.

पशुवैद्य_निवृत्त | २० सप्टेंबर, सकाळी ८:३०

रवंथ केला म्हणजे पोट चालू आहे, चांगली खूण.

मेंढक्या भाऊ, तुमच्या म्हाताऱ्यांचं निरीक्षण पक्कं होतं. एक मादी जंत दिवसाला ५ ते १० हजार अंडी टाकते, ती लेंडीतून बाहेर पडतात, ओल आणि ऊब मिळाली की आठवडाभरात त्यांच्या अळ्या तयार होतात आणि दवाच्या ओलीवरून गवताच्या पात्यावर चढतात. बहुतेक अळ्या जमिनीपासून दोन-तीन इंचातच असतात. शेळीने आखूड गवत कुरतडलं की त्या पोटात, आणि तीन आठवड्यांत तिथे अंडी घालणारा नवा जंत तयार. म्हणून शेळीला मान वर करून झाडपाला खाऊ द्यायचा, तो तिचा मूळ स्वभावच आहे, आपण तिला बांधावरच्या आखूड गवतावर अडकवून ठेवतो.

ताई, एक विचारतो, ५ तारखेला औषध पाजताना वजन कसं धरलं होतं?

रानजाई | २० सप्टेंबर, दुपारी २:४०

डॉक्टर येऊन गेले. लोहाचं आणि बी-१२ चं इंजेक्शन दिलं, दुसऱ्या गटातलं जंताचं औषध त्यांनीच हळूहळू पाजलं, रक्त पिणाऱ्या जंतावर चालणारं आहे म्हणाले. गाभण आहे हे मी आधीच सांगितलं होतं. मी पाजलेली बाटली अल्बेंडाझोलची होती, ते गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात द्यायचं नसतं, पिल्लात व्यंग येऊ शकतं असं त्यांनी सांगितलं. चांदी तेव्हा दोन महिन्यांच्या आसपास होती म्हणून निभावलं. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही ही माझी चूक.

वजन अंदाजाने धरलं होतं, २० किलो. सगळ्यांना एकच माप.

पशुवैद्य_निवृत्त | २० सप्टेंबर, संध्याकाळी ६:१५

तिथेच गडबड झाली असणार. कपडे मोजायची टेप घ्या, पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, आलं ते किलोत वजन. कमी डोस दिला की कमजोर जंत मरतात आणि चिवट मागे राहतात, पुढच्या पिढ्या त्यांच्याच. शिवाय शेळीचं यकृत औषध मेंढीपेक्षा लवकर निकामी करतं, त्यामुळे काही औषधांचा मेंढीचा डोस तिला पुरत नाही, पण म्हणून सगळ्याच औषधांचा डबल डोस देऊ नका, लेव्हामिसोलसारखं औषध जास्त झालं की विषबाधा होते. डोस डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

रानजाई | २० सप्टेंबर, रात्री ९:००

मोजलं. चांदीचा घेर २७, लांबी २६, उत्तर २८.७ आलं. म्हणजे मी तिला दोन तृतीयांशच औषध दिलं होतं. मोठ्या शेळीचा घेर तर ३१ भरला.

बोरबाभूळ | २१ सप्टेंबर, सकाळी ९:१०

सगळी चर्चा इंग्रजी औषधांवर चाललीय म्हणून लिहितो. आमच्याकडे पळसपापडी, कडुनिंबाचा पाला, शेपा हे पिढ्यानपिढ्या चालत आलंय आणि शेळ्या ठणठणीत असायच्या. प्रत्येक गोष्टीला इंजेक्शन कशाला?

पशुवैद्य_निवृत्त | २१ सप्टेंबर, सकाळी ११:००

बोरबाभूळ, तुमच्या नावातच अर्धं उत्तर आहे. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला यात टॅनिन असतं आणि ते जंताचा जोर कमी करतं, हे मी मनापासून मानतो, रोजच्या आहारात ठेवाच. पळसपापडी जुन्या वैद्यकात जंतावर सांगितलेली आहे. पण पापणी पांढरी झालेल्या शेळीकडे तेवढा वेळच नसतो, तिच्या पोटात आज रात्री पण रक्त पिणं चालू असतं. पाल्याचा उपयोग शेळी त्या अवस्थेला जाऊ नये म्हणून, गेल्यावर नाही.

एक जुना उपाय मात्र कुणी करू नका, मोरचुदाचं (तांब्याचा निळा क्षार) पाणी पाजणं. पूर्वी सर्रास चालायचं. तांबं प्रमाणाबाहेर गेलं की यकृत जातं.

बोरबाभूळ | २१ सप्टेंबर, दुपारी १२:२०

पटलं. मोरचूद माझ्या वडिलांनी पाजलेलं मला आठवतं, दोन बोकड गेले होते, तेव्हा आम्ही नजर लागली म्हणालो.

भातखाचर | २१ सप्टेंबर, रात्री ८:४५

मी कुडाळकडची, आमच्याकडे कोकण कन्याळ जातीच्या शेळ्या आहेत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस थांबतच नाही, त्यामुळे दव उडायची वाट बघायची म्हटलं तर शेळी सोडायलाच नको! म्हणून आम्ही गोठ्यात फळ्यांचा माच केलाय, जमिनीपासून तीनेक फूट वर, फळ्यांच्या फटीतून लेंड्या खाली पडतात, आणि डहाळे दोरीने उंच टांगतो. पाला जमिनीला लागत नाही, लेंडी तोंडाला लागत नाही. हे केल्यापासून पावसाळ्यात आजारी पडायचं प्रमाण खूप कमी झालं.

अजून एक, आमच्याकडे खाचरात गोगलगायी असतात, त्यांच्यातून चपटे कृमी येतात, ते यकृतात बसतात. त्यात पण गळ्याखाली पाणी येतं आणि पापणी फिकट होते, पण औषध वेगळं लागतं. म्हणून लेंडी तपासल्याशिवाय आम्ही आता बाटली उघडत नाही. ताई, तुमच्याकडे तळ्याकाठी वगैरे चरतात का?

रानजाई | २२ सप्टेंबर, सकाळी १०:३०

नाही ताई, माळावर आणि सोयाबीन, उडदाच्या बांधाने. पण लेंडी तपासायला आज देतेय. माहितीसाठी लिहिते, खाली पडलेली नाही घ्यायची, हातमोजा घालून थेट शेळीतून काढायची, पिशवीतली हवा दाबून काढून गाठ मारायची आणि बर्फासोबत त्याच दिवशी पोचवायची, नाहीतर उन्हाळी हवेत अंडी वाटेतच फुटतात. प्रत्येकीची वेगळी पिशवी, वर नाव.

चांदी आज पोत्याच्या आधाराने दहा मिनिटं उभी राहिली.

रानजाई | २५ सप्टेंबर, रात्री ९:४०

रिपोर्ट आला. चांदीचा नमुना औषध दिल्यानंतरचा म्हणून तो धरला नाही. फिकट पापणीच्या दोघींच्या एका ग्रॅम लेंडीत २८०० आणि ३१०० गोलकृमींची अंडी. गुलाबी पापणीवाल्या शेळीत ३५०. एकाच रानात चरतात, एकाच गव्हाणीत खातात आणि एवढा फरक. आणि तीन महिन्यांच्या एका करडाला जंत जवळपास नाहीत पण कॉक्सिडिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी, जंत नव्हे) निघाला, त्याची लेंडी पातळ आणि शेंबडासारखी होती, मी तेही जंतच समजत होते. डॉक्टर म्हणाले जंताच्या कुठल्याही बाटलीने तो बरा झाला नसता. त्याचं औषध वेगळं दिलंय, आणि करडांची जागा रोज झाडून कोरडी ठेवायची, पाण्याचं भांडं लेंडी पडणार नाही एवढ्या उंचीवर बांधायचं.

पशुवैद्य_निवृत्त | २५ सप्टेंबर, रात्री १०:३०

हा फरक मला सगळ्यांना दाखवायचा होता. कळपातल्या थोड्या शेळ्यांतच बहुतेक जंत असतात. दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी यावरूनच पापणीच्या रंगाचं कार्ड तयार केलं, फामाचा नावाचं. १ म्हणजे लालभडक, ५ म्हणजे पांढरं. ४ आणि ५ ला औषध द्यायचंच, ३ असेल आणि शेळी गाभण, दुभती किंवा करडू असेल तरी द्यायचं, बाकीच्यांना नाही. सगळ्या कळपाला दर दोन महिन्यांनी एकच बाटली पाजत राहिलात तर रानात फक्त औषधाला न जुमानणारे जंत उरतात. औषध न दिलेल्या शेळ्यांमधले साधे जंत रानात राहणं आपल्या फायद्याचं आहे, हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं पण असंच आहे.

शेळीपालक२० | २६ सप्टेंबर, सकाळी ८:००

पण सर, आम्हाला ट्रेनिंगमध्ये पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा सगळ्यांना असं सांगितलं होतं. चूक आहे का ते?

पशुवैद्य_निवृत्त | २६ सप्टेंबर, दुपारी १:१०

चूक म्हणणार नाही. ज्याला पापण्या बघायला वेळ नाही त्याच्यासाठी ते ठीक आहे. पण विचार करा, मे महिन्यात आपल्याकडचं रान भाजून निघालेलं असतं, जमिनीवरच्या अळ्या जवळपास मेलेल्या असतात, जे जंत उरलेत ते शेळ्यांच्या पोटात. तेव्हा सरसकट औषध दिलं आणि चार चिवट जंत वाचले तर पावसाळ्यातली सगळी नवी पैदास त्या चौघांची. म्हणून मे मध्येही निवडून द्या. आंत्रविषाराची लस मात्र पावसाळ्याआधी सगळ्यांना, तिथे निवड नाही, आणि पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूचा साथरोग) सुद्धा चुकवू नका.

पाजताना तोंड आभाळाकडे करू नका, नाक डोळ्याच्या वर जाता कामा नये. ठसका लागला की थांबा. फुफ्फुसात गेलेलं औषध जंतापेक्षा लवकर मारतं.

रानजाई | २ ऑक्टोबर, रात्री ९:१५

चांदी स्वतः उठते, स्वतः बसते. पिशवी उतरली. पण पापणी अजून फिकट गुलाबीच, आणि माती खाणं, केस तांबडे हे जसंच्या तसं. जंत गेले तरी हे का राहिलं? डॉक्टरांनी खनिज मिश्रण द्यायला सांगितलंय. घरी गाईसाठी आणलेलं आहे ते चालेल का?

पशुवैद्य_निवृत्त | २ ऑक्टोबर, रात्री १०:४५

रक्त एका रात्रीत गेलं नाही तसं एका रात्रीत येणारही नाही, चार ते सहा आठवडे धरा, आणि ते तयार करायला प्रथिन, लोह, तांबं, कोबाल्ट लागतं. शेंगदाणा पेंड, तूर चुनी थोडी थोडी वाढवत न्या. कोबाल्ट का, तर शेळीच्या पोटातले सूक्ष्मजीव त्यातूनच बी-१२ बनवतात, तो कमी पडला की जनावर खाऊनही वाळतं. काळ्या शेळीचा रंग उडून तांबूस होणं ही तांब्याच्या कमतरतेची जुनी ओळखीची खूण, डोळ्याभोवतीचं कडं तर खास. माती, हाडं, कापड खाणं बहुतेक वेळा फॉस्फरस आणि मीठ कमी पडल्याने. आपल्याकडच्या काळ्या चुनखडीच्या जमिनीत जस्त आणि लोह पिकालाच मिळत नाही तर भुसकटात कुठून येणार. पोटात जंत असले की अन्नातली खनिजं अंगी लागत नाहीत, आणि खनिजं कमी असली की अंगात जंताशी लढायची ताकद नसते. दोन्ही बाजूंनी एकदम धरावं लागतं.

मोठ्या शेळीला रोज १० ग्रॅम मिश्रण, करडांना त्याच्या निम्म्याहून कमी, भरड्यात कालवून. मीठ वेगळं. गाईचं मिश्रण शेळीला चालून जातं, तरी शेळीचं मिळालं तर बरं.

मेंढक्या | ३ ऑक्टोबर, पहाटे ५:४०

साहेब हितं मदीच बोलतो, ज्येंच्याकडं मेंढरं हायती त्येंनी गाईचं मिश्रण घालू नगा. आमच्या पाव्हण्याकडं शेळ्या मेंढरं एकाच गव्हाणीत, गाईची पावडर दोन-तीन महिनं घातली, सगळं ब्येस दिसत हुतं आन एका आठवड्यात चार मेंढरं गेली. लाल मुतली, डोळं पिवळं पडलं. तांबं साठून साठून झालं म्हनाले डॉक्टर.

पशुवैद्य_निवृत्त | ३ ऑक्टोबर, सकाळी ९:००

अगदी महत्त्वाचं लिहिलंत भाऊ. मेंढीचं यकृत तांबं नीट बाहेर टाकू शकत नाही, साठवत राहतं. मेंढ्यांना त्यांचंच मिश्रण.

भातखाचर | ३ ऑक्टोबर, रात्री ९:३०

रानजाई ताई, चांदी गाभण आहे म्हणून सांगते, हयगय करू नका. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका शेळीची दोन्ही करडं जन्मली तेव्हा छान होती, महिन्याभराने मागचे पाय डुलायला लागले, चालताना मागची बाजू झोकांडी खाऊन एकीकडे पडायची. आईचं दूध पीत होती, डोळे लख्ख होते, फक्त पाय नव्हते. आईला गाभणपणात तांबं कमी पडल्यामुळे मज्जातंतू नीट घडले नाहीत असं कळलं, आणि तेव्हा काहीच करता आलं नाही. एक गेलं, दुसरं मी वर्षभर उचलून बाहेर ठेवायचे. अजून आठवलं की पोटात तुटतं.

रानजाई | ४ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

वाचून रात्री झोप नाही आली ताई. आज सकाळपासून मिश्रण सुरू केलंय. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १० ग्रॅम मोजून एका झाकणावर खूण केली म्हणजे सासूबाईंना पण अंदाज येईल.

रानजाई | ६ ऑक्टोबर, रात्री ८:२०

फिकट पापणीवाल्या दोघींना २६ तारखेला औषध दिलं होतं, दहा दिवसांनी आज परत लेंडी तपासली. २८०० वरून ५०, आणि ३१०० वरून १००. डॉक्टर म्हणाले औषध लागू पडलं, पंच्याण्णव टक्क्यांपेक्षा कमी घट असती तर बदलावं लागलं असतं. आता दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी उजेडात सगळ्यांच्या पापण्या बघायच्या आणि वहीत आकडा लिहायचा असं ठरवलंय. सासूबाई बघतात, मी लिहिते. त्यांना आकडे नको असतात, त्या जास्वंद, गुलाबी आणि कापूस असं सांगतात.

पशुवैद्य_निवृत्त | ६ ऑक्टोबर, रात्री ९:०५

जास्वंद, गुलाबी, कापूस. हे मी पुढच्या प्रत्येक शिबिरात वापरणार, त्यांना माझा नमस्कार सांगा. व्यायच्या आधी दोन आठवडे आणि नंतरचा महिना चांदीवर जास्त लक्ष ठेवा, त्या काळात प्रतिकारशक्ती उतरते आणि दबलेले जंत परत जोर करतात.

रानजाई | ९ नोव्हेंबर, रात्री ९:५०

बरेच दिवस लिहिलं नाही, सोयाबीन काढणी आणि मग दिवाळी. चांदीची पापणी गुलाबी. प्लास्टर चाटणं पूर्ण थांबलं, मीठ-मिश्रण सुरू केल्यावर तीनेक आठवड्यांनी. केस अजून वरून तांबडेच दिसतात, पण पाठीवर फुंकर मारून बघितलं तर मुळाशी काळे येतायत. गुलाबी पापणीच्या तिसरीला औषध न देताच ती सावरली, नुसत्या पेंड आणि मिश्रणावर. करडू पण खेळतंय. कॉक्सिडियामुळे वाढीला जरा मागे राहिलंय.

बोरबाभूळ | १० नोव्हेंबर, सकाळी ७:३०

आनंद झाला वाचून. बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात वेचून वाळवून ठेवा ताई, पावसाळ्यात उपयोगी पडतात. मी या रविवारी आमच्या २२ शेळ्यांच्या पापण्या बघितल्या, तीन कापूस निघाल्या, वरून बघता तिन्ही मला चांगल्या वाटत होत्या.

रानजाई | ९ डिसेंबर, पहाटे ४:१०

चांदी व्याली. दोन पाटी. सव्वादोनला पहिली आणि अर्ध्या तासाने दुसरी. थंडी खूप आहे म्हणून सासूबाईंनी शेगडी लावलीय. दोघी उभ्या राहिल्या, मी मागच्या पायांकडेच बघत होते, चारही पाय सरळ टेकवले, थरथरल्या, पडल्या, परत उठल्या.

पशुवैद्य_निवृत्त | ९ डिसेंबर, पहाटे ५:००

अभिनंदन. चीक पाजला का? नाळेला आयोडीन?

रानजाई | ९ डिसेंबर, पहाटे ५:२५

पाजला, अर्ध्या तासाच्या आत दोघींना. नाळ कापून आयोडीन लावलं. चांदीची पापणी आत्ता शेगडीच्या उजेडात नीट कळत नाहीये, उजाडलं की बघते आणि लिहिते.

भातखाचर | ९ डिसेंबर, सकाळी ६:१५

महिनाभर मागचे पाय बघत राहा ताई, रोज.

रानजाई | ९ डिसेंबर, सकाळी ७:४०

बघेन ताई. चांदी गुलाबी आहे, जास्वंदीच्या जवळ.